पान एकशे बारा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझ्या एकशे बाराव्या पानावर एक खोटे वाक्य छापलेले आहे. ते वाक्य पोटात घेऊन मी सात वर्षे मोठ्या ऐटीत कपाटात उभी होते. ते खोटे आहे हे मला ठाऊकच नव्हते. ते कसे कळले, हे आठवले की आजही माझी पाने थरथरतात.

माझे नाव 'उरलेल्या सात जणी'. धुळ्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. मला लिहिले भूपेंद्र सरांनी. ते तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. माझ्यातली गोष्ट अशी आहे. एके दिवशी सगळ्या जगातली वीज जाते आणि परत येतच नाही. पाठोपाठ रोगाची साथ येते. शहरे ओस पडतात. एका वसतिगृहातल्या सात मुली तेवढ्या जिवंत राहतात आणि तापीच्या काठाकाठाने चालू लागतात. त्यांची पुढारी उल्का, वय वर्षे पंधरा. अन्न शोधणे, पाणी शोधणे, भीतीला बाजूला सारणे, हे सगळे ती करते.

पहूरला मी आले ती चुकून. पहूरच्या बाजारात अभयकुमार शेठ यांचे भांड्यांचे दुकान आहे. दुकानाच्या माडीवर त्यांनी आईच्या नावाने, म्हणजे प्रेमकुंवरबाईंच्या नावाने, एक छोटे वाचनालय चालवले आहे. धुळ्याच्या पुस्तक प्रदर्शनात शेठजींनी माझे नाव वाचले आणि त्यांना वाटले, जैन धर्मातल्या ज्या सोळा सती आहेत त्यांतल्या सात जणींच्या या कथा असणार. मला त्यांनी मोठ्या भक्तिभावाने पिशवीत टाकले. घरी येऊन पहिले प्रकरण वाचले, तेव्हा बिचारे हबकलेच.

"अरे देवा," ते म्हणाले, "इथे तर वीस पानांत सगळं जगच खलास केलंय!"

तरी त्यांनी मला परत केले नाही. खालच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात ठेवले. आणि मग नवल घडले. आठवी, नववी, दहावीची मुले वाकून वाकून मलाच शोधू लागली. एक मुलगा आणून ठेवी, तोच दुसरी मुलगी नेई. माझा कणा ढिला झाला, कोपरे झिजले. मला वाटे, मुलांना नासधूस आवडते. पूल कोसळला, शहर जळाले की त्यांना मजा येते.

हा माझा गैरसमज डिंपलने दूर केला.

डिंपल हितेंद्र पाटलांची मुलगी, नववीत शिकणारी. गावापासून तीन किलोमीटरवर त्यांचा केळीचा मळा आणि तिथेच घर. तिने मला अकरा वेळा नेले. शहर जळते ती पाने ती भराभर उलटून टाकी. पण सहा भाकरी सात जणींत कशा वाटायच्या, पहाऱ्याला कोणी बसायचे, पाय मुरगळलेल्या मुलीला कोणी आणि कसे उचलायचे, ही पाने ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचत असे. जणू उद्या त्याची परीक्षा आहे.

तिच्या वडिलांना ते मुळीच आवडत नसे. एकदा ते चिडून म्हणाले, "काय गं, जग बुडाल्याच्या गोष्टी वाचतेस? घरात अभद्र आणतेस नुसतं!"

"पप्पा, बुडाल्याची नाहीये ही गोष्ट. बुडाल्यावर काय करायचं, त्याची आहे."

"तुला कशाला लागतंय ते? आम्ही आहोत ना करायला."

डिंपल हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच वाचते. आपल्या घरात मला कुणी काही विचारत नाही. उल्काला सगळे विचारतात."

हितेंद्रभाऊ टोपी उचलून बागेत निघून गेले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळले की मुले माझ्याकडे का येतात.

मग गेल्या वर्षीचा मे महिना आला. डिंपलचे आईवडील लग्नासाठी चाळीसगावला गेले होते. मळ्यातल्या घरात डिंपल आणि तिचे आजोबा गिरधर आबा, दोघेच होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. ओट्यावर बसून डिंपल मला वाचत होती. बघता बघता तिला अक्षरे दिसेनाशी झाली. भर दुपारी एवढा अंधार पडू शकतो, हे तोवर फक्त माझ्याच पानांत लिहिलेले होते.

अंधारापाठोपाठ वारा आला. अवघी वीस मिनिटे. लिंबाएवढ्या गारा पडल्या. घरांचे पत्रे कागदासारखे उडाले. आबांनी डिंपलला ओढून कणगीच्या आड बसवले आणि वरून स्वतःच्या पाठीची ढाल केली.

वारा थांबला. मला छातीशी धरून डिंपल बाहेर आली आणि आम्ही दोघींनी एकदमच पाहिले. केळीची बाग उभी नव्हती. पाच हजार झाडे एकाच दिशेला डोके करून आडवी झाली होती. घड अजून हिरवेगार होते. विजेचे खांब गुडघ्यात मोडल्यासारखे वाकले होते. गावाकडे जाणारा रस्ता पडलेल्या झाडांखाली दिसेनासा झाला होता. मोबाइलला रेंज नव्हती.

मी थिजून गेले. मित्रांनो, हे तर माझे तिसरे प्रकरण होते! ज्याने ते लिहिले त्यानेही ते कधी पाहिले नसेल आणि आज ते माझ्यासमोर, खरोखरीच्या मातीत पडले होते. आणि त्याला ओल्या चिकाचा वास येत होता. माझ्या पानांत कुठेही वासाचा उल्लेख नव्हता.

मळ्याला लागून नऊ घरांची वस्ती आहे. मोठी माणसे दारात उभी राहून नुसती बघत होती. कुणी बागेकडे, कुणी उडालेल्या छपराकडे. तेवढ्यात डिंपल ओरडली, "आधी माणसं मोजा!"

"काय म्हंते पोर?" शेजारच्या छगनभाऊंनी विचारले.

"माणसं मोजा, काका! घरं नंतर. प्रत्येक घरातली माणसं इथे चिंचेखाली येऊ द्या."

हे उल्काचे वाक्य. माझ्या एकोणिसाव्या पानावरचे. आणि काय सांगू, ती सगळी मोठी माणसे निमूटपणे चिंचेखाली येऊन उभी राहिली. त्या दुपारी वस्तीत एकतीस माणसे होती. मोजली तेव्हा तीस भरली. डिंपलने पुन्हा मोजली. पुन्हा तीसच.

"धुरपदा अक्का कुठे आहेत?" तिने विचारले.

धुरपदाबाई म्हणजे वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली म्हातारी. दोन शेळ्या, एक खोली, एवढाच तिचा संसार. सगळे तिकडे धावले. शेळ्यांचा गोठा भुईसपाट झाला होता. पत्र्यांच्या ढिगाखालून शेळीचे ओरडणे ऐकू येत होते. छगनभाऊंनी आणि आणखी तिघांनी पत्रे उचलले. खाली धुरपदाबाई होती. एक पाय तुळईखाली, तोंड मातीने भरलेले, आणि एक शेळी कुशीत घट्ट धरलेली.

"आजून घंटाभर गेला असता तं म्हातारी हाती लागली नसती," छगनभाऊ म्हणाले. मग त्यांनी डिंपलकडे पाहिले. "तुले कसं सुचलं गं हे?"

डिंपलने मला वर धरले.

त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसांनी मला हातात घेतले. मातीने भरलेल्या बोटांनी माझी पाने उलटली. "पुढं काय लिह्यलंय ते बी सांग पोरी," ते म्हणाले. मी फुलून गेले. मला वाटले, मी आता गोष्टीचे पुस्तक राहिले नाही, मी वस्तीची पुढारी झाले. मित्रांनो, एखाद्या पुस्तकाला गर्व व्हावा तो त्याच दिवशी झाला.

दुसऱ्या दिवशी प्यायचे पाणी संपले. वीज नाही, म्हणून बोअरची मोटर बंद. छपरांवरच्या काळ्या टाक्या वाऱ्याने कुठल्या कुठे नेल्या होत्या. राहिली फक्त जुनी विहीर. कित्येक वर्षांत तिचे पाणी कुणी प्यायले नव्हते. वादळाने त्यात पाला, शेण, काय काय लोटले होते.

डिंपलने एकशे बारावे पान उघडले. तिथे उल्का फुटक्या मडक्यात कोळसा, वाळू आणि खडे थरावर थर घालते, तोंडाला फडके बांधते आणि डबक्यातले पाणी गाळते. डिंपलने अगदी तसेच केले. आपली ओढणी फाडली. बायकांनी चुलीतले कोळसे दिले. गढूळ पाणी वरून ओतले आणि खालून थेंब थेंब पडू लागले. ते खरोखरच काचेसारखे नितळ होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"गॅसवर उकळून घेऊ का?" एका बाईने विचारले.

"नको काकू, गॅस स्वयंपाकाला पुरवायचाय, सरपण तर सगळं भिजलंय. पुस्तकातही नाही उकळलं," डिंपल म्हणाली आणि तिने मोठ्याने वाचून दाखवले: 'सातही जणी पोटभर पाणी प्यायल्या. कोणालाही काही झाले नाही.'

पहिला पेला तिने धुरपदाबाईला नेऊन दिला. म्हातारी बाजेवर पडून होती, पाय सुजलेला. तिने पेला हातात धरून पाण्याकडे बराच वेळ पाहिले.

"पुस्तकातलं शे का हे?" तिने विचारले.

"हो अक्का. पान एकशे बारा."

"मंग बरं," म्हातारी म्हणाली आणि प्यायली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुरपदाबाईला पहिली उलटी झाली. मग जुलाब सुरू झाले ते थांबेचनात. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत वस्तीतली अकरा माणसे आडवी झाली होती. गिरधर आबांचे डोळे खोल गेले होते. ज्या डिंपलला परवापर्यंत सगळे काय करू, काय करू असे विचारत होते, ती आता एकटीच दारात बसली होती. तिने मला उघडले. पुढची सगळी पाने चाळली. एकशे तेरा, एकशे चौदा, पार शेवटपर्यंत. माझ्यात कुठेही कुणी आजारी पडत नव्हते. साथ आली ती पहिल्याच प्रकरणात आणि तिथेच संपली. भूपेंद्र सरांनी सात जणींना पोटदुखीसुद्धा दिली नव्हती.

माझ्याजवळ तिला द्यायला एक शब्दही नव्हता. पुस्तकाला याहून मोठा धक्का कोणता असेल?

त्याच सकाळी रस्त्यावरची झाडे तोडून ट्रॅक्टर आत आला. मागोमाग डिंपलचे आईवडील शेवटचे काही किलोमीटर चालत पोहोचले. बाग पाहून हितेंद्रभाऊ जागीच उभे राहिले होते. पण घरात आबांना पाहिले आणि ते बाग विसरले. आजाऱ्यांना ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेले. धुरपदाबाईला तर तिथून तसेच जळगावला हलवावे लागले. डिंपलच्या पिशवीत मीही दवाखान्यात होते.

"पाणी कुठलं प्यायलात?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"विहिरीचं. पण गाळून घेतलं होतं," डिंपल म्हणाली. "वाळू, कोळसा, सगळं घालून."

"उकळलं होतं?"

डिंपलने मान खाली घातली.

"अगं, त्याने गाळ जातो, जंतू नाही जात. नितळ दिसणारं पाणी चांगलंच असतं असं नाही. कुणी सांगितलं तुला हे?"

तिने पिशवीतून मला काढले आणि टेबलावर ठेवले. डॉक्टरबाईंनी माझे मुखपृष्ठ पाहिले, मग डिंपलकडे पाहिले. त्या रागावल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मी विसरू शकत नाही.

घरी आल्यावर हितेंद्रभाऊंनी मला उचलले आणि मोडलेल्या केळीच्या खांबांच्या ढिगावर भिरकावून दिले. "जग बुडवायला निघाली होती!" ते म्हणाले. मी चिकात आणि चिखलात उताणी पडले. माझी पाने फुगली. डिंपल दोनदा जवळून गेली. दोन्ही वेळा तिने माझ्याकडे पाहिले आणि ती पुढे निघून गेली. मित्रांनो, चिखलापेक्षा मला ते जास्त लागले. पण मी तिला दोष कसा देणार? मी तिला फसवले होते.

नऊ दिवसांनी धुरपदाबाई काठी टेकत परत आली. निम्मी झाली होती, पण जिवंत होती. गिरधर आबाही तोवर उठून बसू लागले होते. तिची चाहूल लागताच डिंपल घरात लपली. म्हातारी ओट्यावर बसली आणि तिने हाक मारली, "डिंपल! ते पुस्तक कुठी शे? आन बरं."

डिंपल बाहेर आली ती रडतच. "अक्का, माझ्यामुळे झालं सगळं. नको ते पुस्तक."

"मले मारता मारता राह्यलं ते तं कसं शे ते पाहू दे. वाच. पहिल्यापासून वाच."

आबांनी मला ढिगावरून उचलून आणले, धोतराच्या सोग्याने पुसले. डिंपल वाचू लागली. तीन दुपारी ती वाचत होती. धुरपदाबाईने उभ्या जन्मात एकही पुस्तक ऐकले नव्हते. ओस पडलेली गावे आली, अन्नासाठी वणवण आली, वाटेत सोडून द्यावी लागलेली गुरे आली. म्हातारी मान हलवत होती.

"हे पुढं व्हनार शे म्हंते का तुहं पुस्तक?" तिने विचारले.

"हो अक्का, भविष्यातली गोष्ट आहे."

"पुढची कशाची? हे तं व्हऊन गेलं. बहात्तर सालचा दुष्काळ पाह्यला म्या. आशीच आम्ही चाललो व्हतो खडी फोडाले. महा सगळ्यात धाकटा भाऊ व्हता, चार वर्षांचा. नाल्याचं पानी फडक्यानं गाळून पाजलं मायनं. दोन दिवसांत गेला. तव्हापासून म्या बिनउकाळलं पानी कोन्हाले दिलं नही."

डिंपल वाचायची थांबली. तिने मला मांडीवर उलटे ठेवले.

"अक्का… म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग तुम्ही बोलल्या का नाहीत? तुम्ही का प्यायल्या?"

धुरपदाबाई आपल्या हातांकडे पाहत म्हणाली, "तू पुस्तकातलं म्हनली ना. मले वाटलं, मले काय कळतं? पुस्तक मह्यापेक्षा शहानं असंल."

मित्रांनो, वादळ मी सोसले, चिखल सोसला, पण हे वाक्य मला सोसवले नाही. जी गोष्ट भूपेंद्र सरांना माहीत नव्हती, मला माहीत नव्हती, ती या बाईला आपला भाऊ गमावून माहीत झाली होती. आणि मी तिथे उघडी होते, छापील होते, म्हणून ती गप्प बसली.

डिंपलने त्याच दिवशी भूपेंद्र सरांना पत्र लिहिले. पत्ता माझ्या पहिल्याच पानावर होता. आठ दिवसांनी सर स्वतः धुळ्याहून एसटीने आले. आडव्या झालेल्या बागेच्या कडेने चालत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. धुरपदाबाईच्या समोर ते जमिनीवरच बसले.

"मावशी, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी ते सगळं पंख्याखाली बसून लिहिलं. एक बादली पाणीही कधी गाळून पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ही गोष्ट आहे. कोण करून पाहणार आहे?"

"सर, करून पाहण्यासाठीच तर आम्ही वाचतो," डिंपल म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत मी ते वाक्य काढून टाकतो. आणि ही जुनी प्रत मला दे. तुमच्या वाचनालयाला नवी पाठवतो."

"काढू नका," धुरपदाबाई मध्येच म्हणाली. "खोटं बी राहू द्या आन बाजूले खरं बी लिव्हा. नही तं पोरींना कसं कळंल का पुस्तक बी चुकतं?"

सरांनी खिशातले पेन काढून डिंपलला दिले. एकशे बाराव्या पानाच्या समासात डिंपलने धुरपदाबाईच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिले: 'गाळलेलं पानी दिसाले चांगलं, प्याले नही. उकाळ. मंग पी.' खाली लिहिले: 'सांगणार, धुरपदाबाई.' म्हातारीने आपल्या नावावरून एकदा बोट फिरवले.

मला परत करायला डिंपल वाचनालयात गेली तेव्हा तिला घाम फुटला होता. पुस्तकात लिहू नये, हा अभयकुमार शेठ यांचा पहिला नियम, भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेला. शेठजींनी माझी फुगलेली, डागाळलेली पाने पाहिली. समासातली शाई पाहिली. चष्मा काढून पुन्हा पाहिली.

"बेटी, ये काय केलंस?" त्यांनी विचारले.

डिंपलने सगळे सांगितले. शेठजी ऐकतच राहिले. मग खाली दुकानात गेले, खळ आणि जाड कापड घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने माझा कणा बांधू लागले. त्या दिवसापासून मी खालच्या फळीवर नाही, दारासमोरच्या टेबलावर असते.

पाच हजार झाडांच्या जागी हितेंद्रभाऊंनी पुन्हा केळी लावली आहे. परवा पाण्याच्या पाळीबद्दल काही ठरवायचे होते, तेव्हा त्यांनी आधी डिंपलला विचारले. डिंपल इतकी दचकली की "मला विचारताय?" असे तिनेच उलट विचारले.

मित्रांनो, मला जपा. माझी पाने दुमडू नका, मला उन्हात टाकू नका. पण माझ्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, एवढीच माझी विनवणी आहे. जग संपल्याच्या गोष्टी जरूर वाचा. त्या वाचून तुम्हाला उठून उभे राहावेसे वाटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. फक्त वाचताना जवळ एखादे म्हातारे माणूस बसवून घ्या आणि त्याला विचारा, "हे खरं आहे का?" आणि ते गप्प बसले, तर पुन्हा विचारा.